गावातली शेवटची बाहेरची

(कॅनडातलं एक खेडं. नोव्हेंबरमधला शनिवार, सकाळ. गावाबाहेरच्या कचरा डेपोच्या फाटकाजवळची राखणदारीण मेव्हिसची खोली. हीटर चालू आहे. बाहेर भरलेली पिकअप उभी.)

मेव्हिस : दार लावून घ्या आधी, सगळी ऊब बाहेर चाललीय. आणि लाईल, तो हात खिशातच राहू दे. कागद बाहेर काढू नकोस.

लाईल : मावशी, कागद कसला आहे ते ऐकून तरी घ्या.

मेव्हिस : ऐकायचंय काय त्यात? एकोणीस वर्षांत हा अकरावा. तुमच्या चर्चच्या मंडळीला कारभार पाहणारा नवा वडील नेमायचा झाला, की तुम्ही रविवारचे कोट घालून शनिवारी माझ्या दारात हजर. मेव्हिसबाई, अमका माणूस कसा वाटतो हो तुम्हाला? एरवी गादी नाहीतर मोडका फ्रीज टाकायचा असेल तरच माझी आठवण.

आब्राम : बसू का, मेव्हिसबाई? उभं राहून भांडायचं माझं वय गेलं आता.

मेव्हिस : बसा. ती खुर्ची घ्या, स्टूल डुगडुगतं. आणि भांडतंय कोण, आब्रामभाऊ? मी फक्त नाही म्हणतेय.

लाईल : पण का नाही? डेल्बर्ट थीसनचं नाव आहे. त्याच्याविरुद्ध तुमचं काय असणार?

मेव्हिस : काहीच नाही.

लाईल : मग घोडं अडलंय कुठं?

मेव्हिस : माझं कुठं काय अडलंय? अडलंय ते तुमचं. गाडीत काय आणलंय?

लाईल : चर्चच्या तळघरातली अडगळ. इकडे यायचंच होतं, म्हणून भरून आणली. जुने पडदे, कॉफीची फुटकी किटली, आणि मागचा बाक.

मेव्हिस : कुठला मागचा?

लाईल : दाराजवळचा, पाहुण्यांचा. अकरा वर्षांत कुणी बसलं नाही त्याच्यावर. एक पाय मोडलाय. तिथे आता कोट अडकवायला खुंट्या लावायच्यात. मावशी, विषय बदलू नका. उद्या सकाळी मतदान आहे. दोन वाजता तुम्ही फाटक बंद करता आणि घरी गेल्यावर फोन उचलत नाही. तीन आठवडे मी या एका माणसाची यादी घेऊन फिरतोय. बायको एकच, बरोबर. दारूला शिवत नाही, बरोबर. भांडखोर नाही, पैशाला हपापलेला नाही, मुलं धाकात आहेत, विश्वासात नवखा नाही. सगळं बरोबर, बरोबर, बरोबर. एकच रकाना रिकामा राहिलाय. बाहेरच्यांची साक्ष.

आब्राम : बायबलात पौलानं तसंच सांगितलंय तीमथ्याला. जो मंडळीचा वडील होणार, त्याच्याविषयी बाहेरच्या लोकांचंही मत चांगलं असलं पाहिजे. आमच्या आजोबांनी ते मंडळीच्या घटनेत घातलं. मला ते कलम फार आवडतं. आतल्या आत एकमेकांची पाठ कुणीही थोपटतो.

मेव्हिस : मग जा की बाहेर. एवढं मोठं सॅस्कॅचेवान पडलंय.

लाईल : गेलो होतो. चाळीस किलोमीटर गाडी हाकत गेलो, हार्डवेअरच्या दुकानात. तो म्हणतो, कुठला थीसन? तुम्ही सगळे एकसारखेच दिसता, एकाच बियाण्याच्या कंपनीच्या टोप्या घालता आणि सात खिळे सुटे मागता. पेट्रोलपंपावरच्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, रोख देतो तो की कार्डानं? आता ही काय साक्ष झाली? घटनेत लिहिलंय, रोजच्या पाहण्यातली व्यक्ती हवी.

मेव्हिस : घटनेत तीन लिहिल्या होत्या.

आब्राम : तीन मिळायच्या हो तेव्हा. स्टेशनमास्तर होता, शाळेत बाहेरून आलेली मास्तरीण होती, चौकात हॉटेल होतं, धान्याच्या कोठारावर तुमचा नवरा गस होता. मग आगगाडी बंद झाली. शाळा गेली. कोठार पाडलं. बाहेरचे एकेक करून उठून गेले आणि गावात उरलो ते सगळे आम्हीच. आम्ही आणि तुम्ही. म्हणून तीनच्या जागी एक केलं.

मेव्हिस : केव्हा केलंत ते सांगा ना. गसला पुरून महिना झाला नव्हता. तुमचे तेव्हाचे पाळक आले, टोपी हातात घेऊन. मला वाटलं, सांत्वनाला आले. मी कॉफी ठेवली. त्यांच्या खिशातूनही कागदच निघाला. तुमच्या नावाचा होता तो, आब्रामभाऊ.

आब्राम : हो. माझ्याच नावाचा.

मेव्हिस : आणि मी सही केली. तुम्ही बाटल्या धुऊन आणायचात आणि काच वेगळी, पत्रा वेगळा ठेवायचात. तेव्हा मला तेवढं पुरेसं वाटलं होतं.

लाईल : तेच म्हणतोय ना मी. मावशी, तुमचा अंदाज आजवर चुकलेला नाही. हार्वीला तुम्ही नको म्हणालात, तेव्हा आम्ही सगळे चिडलो होतो तुमच्यावर.

मेव्हिस : इथे चालत नाहीत असे रंगाचे चार डबे गवताखाली दडपून आणले होते त्यानं. दडपले त्याचं मला काही नाही, इथे सगळेच काहीतरी दडपून आणतात. तुझी आईसुद्धा बॅटऱ्या आणायची बटाट्याच्या सालांत. पण विचारल्यावर तो चक्क देवाची शपथ घेऊन नाही म्हणाला. आणि तुमच्यात तर शपथच घेत नाहीत ना?

आब्राम : नाही घेत. होय म्हणजे होय, नाही म्हणजे नाही.

मेव्हिस : मग झालं तर.

लाईल : आणि तीन वर्षांनी तो बायकोला न सांगता कॅल्गरीला पळाला. तेव्हापासून मंडळीत तुमचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. लोक मला विचारतात, मेव्हिस काय म्हणाली? प्रार्थना नंतर, आधी मेव्हिस काय म्हणाली. पुरे आता. इथे, या रेघेवर सही करा आणि मला मोकळं करा.

मेव्हिस : त्या रेघेच्या वर काय लिहिलंय ते वाच.

लाईल : वर? नेहमीचंच आहे. खाली सही करणारी व्यक्ती या मंडळीची नसून बाहेरची आहे.

मेव्हिस : त्या वाक्याखाली मी सही करणार नाही.

लाईल : अहो, पण खरंच आहे ते.

मेव्हिस : खरं का आहे, ते आब्रामभाऊंना विचार.

आब्राम : लाईल, तू जरा बाहेर जाऊन गाडी रिकामी करायला घे.

लाईल : का? काका, काय चाललंय? खाली काय बघताय?

मेव्हिस : तो इथेच थांबेल. सेक्रेटरी आहे तुमचा. लाईल, एप्रिलमध्ये मी तुमच्या मंडळीला पत्र लिहिलं. बर्फ वितळून फाटकाशी चिखल झाला होता, तेव्हा. आब्रामभाऊ फांद्या टाकायला आले होते, त्यांच्या हातात दिलं. मला तुमच्यात यायचंय, त्यासाठी काय काय करावं लागतं ते कळवा, एवढंच लिहिलं होतं. लहानपणी न्यूफाउंडलंडला आमच्या बंदरातल्या पाळकानं माझ्या डोक्यावर पाणी शिंपडलं होतं, पण तुमच्याकडे ते धरत नाहीत म्हणे. तर शिकवणीला बसायला सांगा, बसेन. बाप्तिस्मा पुन्हा घ्या म्हणालात तर घेईन, फक्त पाणी कोमट असू द्या. असं सगळं लिहिलं होतं. दीड पान.

लाईल : एप्रिलमध्ये. आज नोव्हेंबर आहे.

मेव्हिस : मे गेला, पेरण्या आहेत म्हणाले. जुलैत म्हणाले, लोक सुट्टीवर आहेत. मग कापणी. कापणी झाली, तर मला रस्त्यात बघून गाडीच दुसरीकडे वळवायला लागले.

लाईल : काका?

आब्राम : एकदाच वळवली.

मेव्हिस : दोनदा. दुसऱ्यांदा तुमची मार्था गाडीत होती, तिनं मला हात केला.

लाईल : काका, पत्र आलं की सेक्रेटरीकडे द्यायचं असतं. मी फाइल ठेवतो. गेल्या अकरा वर्षांत त्या फाइलमध्ये एकही अर्ज आला नाही. एक नाही. मी दर सभेत सांगतो, नवे सभासद शून्य, आणि तुम्ही समोर बसून मान डोलावता. दीड पान पत्र तुमच्याकडे असताना?

आब्राम : ओरडू नकोस.

लाईल : मी ओरडत नाहीये. हा माझा साधा आवाज आहे, तीन आठवडे दारोदार फिरल्यावरचा.

मेव्हिस : कुठे ठेवलंत ते, आब्रामभाऊ? फाडलं तर नाहीत?

आब्राम : फाडेन कसा? बायबलात आहे.

मेव्हिस : कुठल्या पानावर?

आब्राम : तीमथ्याच्या. त्याच कलमाच्या पानावर. रोज सकाळी उघडतो, वाचतो आणि मिटतो. तुम्हाला वाटत असेल, म्हातारा विसरला. विसरलो असतो तर बरं झालं असतं. मेव्हिसबाई, मी अठ्ठ्याहत्तरचा आहे. या घडीला मंडळीत वडील म्हणून मी एकटा उरलोय. घटनेत दोन लागतात. डिसेंबरपर्यंत दुसरा नेमला नाही, तर वरचे लोक आम्हाला चाळीस किलोमीटरवरच्या मंडळीत विलीन करणार, चर्चला कुलूप लागणार. माणूस एकच आहे नेमण्यासारखा, तो म्हणजे डेल्बर्ट. तुम्हाला आत घेतलं तर त्याची साक्ष द्यायला बाहेर उरतं कोण? मी म्हटलं, आधी त्याचं होऊ दे, मग तुमचं. चार-सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे. मी त्यासाठी प्रार्थना करत होतो.

मेव्हिस : प्रार्थना करत होता. फोन नाही करावासा वाटला.

आब्राम : नाही केला. चुकलं.

मेव्हिस : वा. म्हणजे माझी गरज आहे, पण उंबऱ्याबाहेर. आत आले की माझा उपयोग संपला. एकोणीस वर्षं मी तुमच्या माणसांना पारखून देतेय, आणि मला कुणी साधं विचारलं नाही की बाई, तू रविवारी करतेस काय? त्या यादीत पाहुणचार करणारा असंही आहे ना, लाईल? आहे का नाही?

लाईल : आहे. चौथ्या क्रमांकावर.

मेव्हिस : त्याच्यापुढे बरोबरची खूण कुणी केली? अकरा जणांच्या कागदांवर केली असेल ना? त्या अकरातल्या एकाच्याही घरी मी जेवलेली नाही.

आब्राम : मार्था मला म्हणायची, बोलावू या. मी म्हणायचो, साक्ष देणारीला जेवायला घातलं तर लोक म्हणतील, विकत घेतली.

मेव्हिस : असं होय. म्हणजे तुमच्या प्रामाणिकपणापायी मी उपाशी.

लाईल : एक मिनिट. मला एक कळू दे. तुम्हाला रविवारचं कुणीच विचारलं नाही, तर मग एप्रिलमध्ये एकदम हे कुठून सुचलं?

मेव्हिस : डेल्बर्टनं विचारलं.

लाईल : डेल्बर्टनं?

मेव्हिस : ते काय आहे, मार्चमध्ये त्याची आई गेली, तिचं सामान घेऊन आला होता. पेट्या उतरवल्या, कपडे उतरवले. शेवटी तिचा कणीक मळायचा पाट राहिला. तो घेऊन तासभर उभा, टाकेना. मी म्हटलं, आत ये, गारठशील. इथेच बसला, याच खुर्चीत. सूप होतं, दोघांनी प्यायलं. आणि मला म्हणाला, मेव्हिस, तुम्ही रविवारी काय करता? मी म्हटलं, पत्ते लावते एकटीच. म्हणाला, मग या की आमच्याकडे. एवढंच. पाट गाडीत ठेवला आणि परत घेऊन गेला. मी तीन आठवडे विचार केला. बिनबोलावलं जाणारी बाई नाही मी, पण हे बोलावणंच होतं. मग पत्र लिहिलं, रीतसर. म्हटलं, जायचं तर पाहुणी म्हणून कशाला, घरची म्हणून जाऊ. तिथं चुकलं माझं. सरळ जाऊन बसायला हवं होतं.

लाईल : त्याला माहितीये, पत्राला उत्तर आलं नाही ते?

मेव्हिस : माहितीये की. दोनदा विचारलं त्यानं आब्रामभाऊंना.

आब्राम : तीनदा. तिसऱ्यांदा गेल्या रविवारी. म्हणाला, माझ्यासाठी तिला बाहेर ठेवणार असाल तर माझं नाव काढा.

लाईल : आणि तुम्ही काय म्हणालात?

आब्राम : घरी आलो आणि मार्थाला सांगितलं, वडील व्हावा तर असाच माणूस व्हावा. आणि म्हणून नाव तसंच ठेवलं.

मेव्हिस : धन्य आहे तुमची.

लाईल : मला डोकं आपटून घ्यावंसं वाटतंय. खरंच. ही भिंत पत्र्याची आहे म्हणून आपटत नाही.

मेव्हिस : घे, कॉफी घे. साखर त्या डब्यात आहे. आणि लिहून घे, डेल्बर्टबद्दल विचारायला आलात ना? तोंडी सांगते. एकदा बुधवारी आला होता, भरलेला ट्रेलर घेऊन. पाटी बघितली, फक्त शनिवारी उघडं. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, माझी गाडी त्या ढिगामागे होती म्हणून मी त्याला दिसले नाही. बाकीचे फाटकाशी ओतून पळतात. हा सहा किलोमीटर ट्रेलर परत घेऊन गेला आणि शनिवारी पुन्हा घेऊन आला. मला त्याविषयी एक शब्द बोलला नाही. माणूस सोनं आहे. पण बाहेरची म्हणून मी लिहून देणार नाही. मी बाहेरची आहे, कारण माझं पत्र यांनी पुस्तकात मिटून ठेवलं. तुम्ही करून ठेवलेल्या खऱ्याखाली मी कशी सही करू?

आब्राम : बरोबर आहे तुमचं. लाईल, तो कागद इकडे दे. आण. नाही, फाडत नाही, घडी घालून ठेवतो. उद्या मी उभा राहून आधी मेव्हिसबाईंचं पत्र वाचणार, दीडच्या दीड पान. ते माझ्याकडे कधीपासून होतं, तेही सांगणार. मग पुढचं पुढे.

लाईल : पुढचं काय पुढे, काका? साक्ष नाही तर डेल्बर्टचं नाव बाद. नाव बाद तर डिसेंबरमध्ये कुलूप. मग मावशींना घेणार कशात? कुलूप लावलेल्या चर्चमध्ये?

आब्राम : देव काहीतरी मार्ग काढेल.

मेव्हिस : देवाला जरा बसू द्या निवांत. मार्ग इथून सहा किलोमीटरवर आहे. डुकरांच्या फार्मवर फिलिपिन्सची नऊ माणसं राहतात, माहितीये का तुम्हाला?

लाईल : फार्मवरची? त्यांना गावात धरत नाही आपण.

मेव्हिस : आपण नाही, तुम्ही. तीन वर्षं झाली त्यांना इथे येऊन. दर शनिवारी कचरा घेऊन येतात, मला वाळवलेले मासे देतात. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी मला मासे दिले. त्यांच्यात रोमेल म्हणून एक मुकादम आहे. गेल्या थंडीत त्यांच्या व्हॅनची बॅटरी गेली, ती डेल्बर्टनं बसवून दिली. त्यांच्या बायकांना दवाखान्यात कोण नेतं? डेल्बर्ट. त्याच्या शेताला लागूनच त्यांच्या खोल्या आहेत, रोज सकाळी त्याला बघतात ते. रोजच्या पाहण्यातले, आणि तुमच्या मंडळीचे नाहीत. आणखी काय पाहिजे तुमच्या घटनेला? बाहेरचे लोक संपलेले नाहीत, आब्रामभाऊ. तुम्ही मोजायचं सोडून दिलंत.

लाईल : तीन वर्षं. मी रोज त्या फार्मवरून जातो.

मेव्हिस : काचा वर करून जातोस. शनिवारी पाळी बाराला सुटते त्यांची. आता जाल तर गाठ पडेल. आणि ऐका, रिकाम्या हातानं जाऊ नका, आणि गेल्या गेल्या कागद काढू नका. आधी बसा. ते भात वाढतील, तो खा. मग विचारा.

आब्राम : मार्थानं काल पाव भाजलेत. ते घेऊन जाऊ.

लाईल : पण कलमात व्यक्ती म्हटलंय, मावशी. नऊ जणांच्या सह्या घेतल्या तर चालतील का ते बघायला हवं.

मेव्हिस : लाईल, बाळा, कॉफी पी.

आब्राम : मेव्हिसबाई, एक विचारू? रागावू नका. एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या नावाचा कागद आला आणि तुम्ही सही केलीत. आज आला असता तर?

मेव्हिस : आज नका विचारू.

आब्राम : तरी.

मेव्हिस : आज नसती केली. एक महिना थांबा आणि मग विचारा. नाही, तेव्हा तरी कशाला विचाराल, तोवर मी आतली झालेली असेन. मग तुमच्या पाठीमागे बोलेन, बाकीच्यांसारखी.

आब्राम : बोला. ऐकून घेईन.

लाईल : चला काका, उठा. गुडघा सांभाळा. पाव घ्यायला घरी जाऊन मग फार्मवर म्हणजे घाई होणार. मावशी, मी सामान पटकन उतरवतो. पडदे कुठे, लाकूड कुठे?

मेव्हिस : पडदे डावीकडच्या डब्यात. किटली पत्र्यात टाक. बाक उतरवू नकोस.

लाईल : का? लाकूडच तर आहे.

मेव्हिस : परत ने. उद्या मला बसायला लागेल.

आब्राम : बाई, तुम्ही पुढे बसा, मार्थाजवळ. कुणी काही म्हणणार नाही.

मेव्हिस : पत्र वाचून होईपर्यंत मी पाहुणीच आहे. पाहुण्यांच्या बाकावर बसेन.

लाईल : अहो, पण त्याचा एक पाय मोडलाय.

मेव्हिस : असू दे. मी भिंतीकडच्या बाजूला बसेन.